किक आणि गिअरची दांडी एकच!

नागपूरच्या जुन्या जावा-येझदी मोटारसायकलवाल्यांच्या रविवारच्या राईडबद्दल वाचून मजा आली. पण खरी गंमत राहिलीच ना भाऊ! या जुन्या गाडीची किक आणि गिअरची दांडी एकच. आत दाबून वर उभी केली की किक, पुढे आडवी केली की गिअर. नवीन पोरगं हमखास गोंधळतं, आणि सगळी गँग झिरो माईलपाशी उभी राहून हसते. या गाड्यांचा म्हैसूरचा कारखाना १९९६ मध्ये बंद पडला, बाबांची येझदी अजून चालू आहे (पार्ट शोधताना जीव जातो, ते वेगळं). जुलैच्या दुसऱ्या रविवारी जावा डे, म्हणजे या गाड्यांच्या चाहत्यांचा दिवस. भर पावसात रामटेक, येताना तर्री-पोहे. बुलेटवाल्यांनी राग मानू नये, पण सिलिंडर एक, सायलेन्सर दोन, तो आवाज वेगळाच!