एसजीपीटी उतरलं म्हणजे यकृत बरं झालं?

मामांचा नवा रिपोर्ट आला. एसजीपीटी, म्हणजे यकृतासाठीच्या रक्ततपासणीतला एक आकडा, बरंच उतरलंय. यकृतासाठी म्हणून मामा सहा महिने एक कॅप्सूल घेतायत. मामी लगेच म्हणाली, "बघ, त्या कॅप्सूलचा गुण आला." आनंद मलाही झाला, पण राहवेना म्हणून लिहितोय. मामांना सिरॉसिस आहे, म्हणजे यकृत वणांनी कडक होत जाण्याचा आजार, आणि याच सहा महिन्यांत त्यांनी दारू पूर्ण सोडलीय. मग श्रेय कॅप्सूललाच का? शिवाय एसजीपीटी यकृताच्या पेशींना होणारी इजा दाखवतं. यकृत किती काम करतंय, ते त्यावरून कळत नाही. सिरॉसिसमध्ये ते नॉर्मलही येतं.

कॅप्सूलमध्ये सिलिमारिन आहे, मिल्क थिसल या काटेरी झाडाच्या बियांमधलं. याला मी थोतांड म्हणणार नाही. १९८९ मध्ये व्हिएन्नातल्या डॉक्टरांनी सिरॉसिसच्या १७० रुग्णांवरची चाचणी प्रसिद्ध केली. चार वर्षांनी सिलिमारिन घेणाऱ्यांपैकी ५८ टक्के जिवंत होते, प्लासिबो, म्हणजे औषध नसलेली तशीच दिसणारी गोळी, घेणाऱ्यांपैकी ३९ टक्के. एवढा फरक बघून कुणालाही आशा वाटेल. पण १९९८ मध्ये स्पेनमध्ये दारूमुळे सिरॉसिस झालेल्या २०० रुग्णांवर तेच करून पाहिलं, तर आयुष्य वाढल्याचं दिसलं नाही. २०१२ मध्ये हिपॅटायटिस सी या विषाणूमुळे होणाऱ्या यकृताच्या आजाराच्या १५४ रुग्णांना नेहमीपेक्षा कितीतरी मोठा डोस २४ आठवडे दिला. एसजीपीटीतसुद्धा प्लासिबोपेक्षा फरक पडला नाही!

एक अडचण अशी की हे द्रव्य पाण्यात नीट विरघळत नाही, त्यामुळे तोंडावाटे घेतलेल्यातलं थोडंच रक्तात पोचतं. म्हणूनच डेथ कॅप या विषारी अळंबीच्या विषबाधेत त्यातलं सिलिबिनिन शिरेतून देतात. विषाला यकृताच्या पेशीत शिरू न देणं, हे त्याचं काम. तिथेही प्लासिबोशी तुलना झालेली नाही. मरणाच्या दारातल्या माणसाला प्लासिबो देणार कोण?

"नैसर्गिक आहे, काम करणारच" आणि "झाडपाला आहे, फेकून दे" ही दोन्ही वाक्यं मला सारखीच आळशी वाटतात. कशाच्या तुलनेत बरं वाटलं, आणि नेमकं काय सुधारलं, एवढं तरी विचारा ना. रिपोर्टमधला आकडा, की माणसाचं आयुष्य?

मामांच्या कॅप्सूल मी बंद करायला लावल्या नाहीत. चाचण्यांमध्ये त्यांचा मोठा त्रास दिसलेला नाही आणि त्यांच्या डॉक्टरांना त्या माहीत आहेत. यकृताच्या कॅन्सरवर लक्ष ठेवण्यासाठीची दर सहा महिन्यांची सोनोग्राफी मात्र मी चुकवू देत नाही. परवाच त्या तपासणीवरून मामीशी वाद झाला, "आता रिपोर्ट चांगला आलाय, कशाला?" म्हणून. पुढच्या आठवड्यातली वेळ घेतलीय.