गुरुवारची दुपार

"आमच्या मंडळात नुसतं रडगाणं चालतं," असं आई स्वतःच हसत म्हणायची. नगरकडच्या आमच्या गावात चर्चचं भगिनी मंडळ होतं. दर आठवड्याला एकीच्या घरी घरसभा. दोन गीतं, वचन, मग विनंत्या. कुणाचा नवरा पितो, कुणाच्या मुलीचं जमत नाही, कुणाची विहीर आटली. कॉलेजात असताना मला याची लाज वाटायची. "प्रार्थनेनं विहिरीला पाणी लागतं का गं?" असं मी एकदा फणकाऱ्यानं विचारलं. आई म्हणाली, "नाही लागत. पण आपली विहीर आटलीय हे चौघींना कळतं."

दक्षिण आफ्रिकेतल्या 'मान्यानो'बद्दल वाचताना हे आठवलं. मान्यानो म्हणजे तिथल्या काळ्या ख्रिस्ती बायकांचे प्रार्थनासंघ. खोसा भाषेतल्या या शब्दाचा अर्थच एकजूट. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून ते चालत आलेत आणि त्यांचा वार ठरलेला: गुरुवार. का, तर गोऱ्यांच्या घरी राबणाऱ्या मोलकरणींना सुट्टी मिळायची ती गुरुवारी दुपारी. मालकिणीनं सोडलेले ते मोजके तास या बायका देवापुढे बसून घालवत. मेथडिस्ट या प्रोटेस्टंट पंथातल्या संघाचा गणवेश लाल ब्लाऊज, पांढरी कॉलर, काळा स्कर्ट. आठवडाभर दुसऱ्याचा ॲप्रन घालणाऱ्या बाईला तो कसा वाटत असेल!

तिथंही मोठ्यानं रडून प्रार्थना करतात, आणि तिथंही शिकलेल्यांनी नाकं मुरडली. पण त्याच बायका 'स्टॉकव्हेल' चालवतात, म्हणजे आपली भिशीच. कुणी गेलं की अंत्यविधीचा खर्च मिळून उचलतात. 1913 मध्ये ब्लूमफाँटेन शहरात पासच्या, म्हणजे जवळ बाळगावा लागणाऱ्या परवान्याच्या, सक्तीविरुद्ध बायका रस्त्यावर उतरल्या, तुरुंगात गेल्या. त्यांत चर्चच्या प्रार्थनागटांतल्याही होत्या. चौघींसमोर तोंड उघडायची सवय आधीच झालेली असली, की शिपायासमोर उघडायला तेवढं जड जात नसावं. (हा माझा अंदाज.)

सगळं गोड आहे असं नाही. गणवेशाला पैसे लागतात, आणि जिच्याकडे नाहीत ती बाजूला पडते. बऱ्याच ठिकाणी अध्यक्षीण पाळकाची, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूची, बायको, तिच्यापुढे कोण बोलणार? आमच्याकडेही पाळकीणबाईंची विनंती कायम पहिली. आणि "देव बघेल" म्हणत मारकुट्या नवऱ्याकडे परत पाठवलेली बाई मी आमच्याच मंडळात पाहिलीय. त्याचा राग अजून गेलेला नाही.

तरी आशा म्हणतात ती मला या ठरलेल्या वारातच दिसते. गरीब बाईच्या आठवड्यात तिच्या मालकीचा एक तास, आणि त्या तासाला तिची वाट बघणाऱ्या इतर बायका. ती आली नाही, तर संध्याकाळी कुणीतरी दारात येऊन विचारणार, "काय गं, बरी आहेस ना?"

मागच्या महिन्यात आमच्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये मी म्हटलं, घरकामाच्या मावशींना आठवड्याला एक पगारी सुट्टी देऊया. "मग भांडी कोण घासणार?" असा प्रश्न लगेच आला. विचारणाऱ्या ताई दर बुधवारी माझ्याशेजारी बसून प्रार्थना करतात.