दर रात्री तेच प्रश्न

साताऱ्याहून यवतेश्वरच्या पठारावर, तारीख आणि वेळ सांगितली की तारे आपोआप शोधणारी दुर्बीण न्यायची, तिपाई समतल करायची आणि मग बोचऱ्या थंडीत पंधरा-वीस मिनिटे हातातल्या कंट्रोलरची बटणे दाबत उभे राहायचे, याचा मला मनापासून वीट आला आहे. वीज तोडली की माझे यंत्र तारीख आणि वेळ विसरते; आत घड्याळापुरती छोटी बॅटरी बसवणे इतके अवघड होते का? तारीख मागताना आधी महिना, मग दिवस, त्यामुळे ५ जानेवारीची नकळत १ मे होते. उन्हाळ्यात घड्याळ तासभर पुढे करायच्या, आपल्या देशात नसलेल्या उन्हाळी वेळेचा प्रश्न तर कधीच चुकत नाही. ग्रिनिचपेक्षा साडेपाच तास पुढे असलेल्या भारतीय वेळेतला अर्धा तास भरायचा राहिला, तर पृथ्वी तासाला १५ अंश फिरत असल्यामुळे दुर्बीण पहिल्याच ताऱ्यापासून साडेसात अंशांपर्यंत, म्हणजे पंधरा पूर्णचंद्र शेजारी शेजारी मांडावेत इतकी, भरकटते.

सर्वांत जास्त संताप येतो तो मागोव्याच्या गतीचा, म्हणजे आकाशातल्या वस्तूमागे दुर्बीण ज्या वेगाने फिरत राहते त्याचा. चंद्र ताऱ्यांच्या तुलनेत तासाला सुमारे अर्धा अंश पूर्वेकडे सरकतो, म्हणून त्याची गती वेगळी ठेवावी लागते, हे मला मान्य आहे; पण ती निवड मेनूच्या चौथ्या पायरीवर का दडवावी आणि कोणती गती चालू आहे हे पडद्यावर सतत का दिसू नये? परवा चंद्रानंतर शनीकडे वळलो, गती चंद्राचीच राहिली, आणि रांगेतल्या मुलांपैकी शेवटच्या मुलीचा डोळा भिंगाला लागेपर्यंत शनी नजरेआड गेला होता.