शेपूट घातलं नव्हतं, दुखत होतं

रविवारी आमचा कुत्रा चिकू मनसोक्त पोहला. गार पाणी, बॉल टाकला की उडी, बॉल आणला की पुन्हा उडी. आम्हीच दमलो, तो नाही. सोमवारी सकाळी उठला तो शेपूट लुळं घेऊन. मुळाशी दोन-तीन इंच सरळ, पुढे ओल्या दोरीसारखं लोंबतंय. खाली बसताना अंग चोरत होता, टेकायचा ते एकाच कुशीवर.

घरात निदानं सुरू झाली. "रुसलाय." "काल ओरडलास ना त्याला, घाबरलाय." आणि ज्या वाक्यासाठी ही पोस्ट लिहितोय ते वाक्य: "अरे, शेपूटच तर आहे!"

आपल्याकडे भित्रा माणूस शेपूट घालतो आणि खोडकराचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडंच राहतं. शेपटीवरून स्वभाव ओळखायची सवय आपल्याला भाषेनेच लावली आहे. दुखणं ओळखायची नाही लावली.

मी तरी कुठे शहाणा! मोडलंय का बघू, म्हणून मुळाशी धरून शेपूट वर उचललं. तोंडातलं हाड काढून घेतलं तरी हूं का चूं न करणारा कुत्रा माझ्यावर गुरगुरला. चावला असता तरी दोष माझाच होता.

शेपूट हे पाठीच्या कण्याचंच शेवटचं टोक. त्यात मणके असतात, स्नायू असतात, नसा असतात. मुळाशी असलेल्या नसांच्या शेजारीच लघवी-शीवर ताबा ठेवणाऱ्या नसा आहेत. शेपूट जोरात ओढलं गेलं तर या नसाही ताणल्या जातात, आणि मग लघवी ठिबकत राहते नाहीतर तुंबते. डॉक्टरांनी शेपटीला हात लावायच्या आधी विचारलं, "लघवी नीट करतोय का?" मला हा प्रश्न सुचलाच नव्हता. लहान मुलं गंमत म्हणून कुत्र्याचं शेपूट ओढतात आणि मोठे हसत बघतात, ते तेव्हापासून मला बघवत नाही.

चिकूला निघालं 'लिंबर टेल'. शेपटीच्या मुळाशी असलेल्या स्नायूंवर आलेला ताण. गार पाण्यात पोहणं, सवय नसताना खूप पळणं, पिंजऱ्यात तासन् तास अडकून बसणं, यातलं काहीही पुरतं. लॅब्राडोर, पॉइंटर अशा कुत्र्यांत जास्त दिसतं. विश्रांती दिली की बहुतेक वेळा काही दिवसांत, फार तर एक-दोन आठवड्यांत उतरतं. पण लुळं शेपूट म्हणजे लिंबर टेलच, असं माझी पोस्ट वाचून कृपा करून ठरवू नका. मोडलेला मणका, कमरेच्या मणक्यांमधली सरकलेली चकती, गुदद्वाराजवळच्या ग्रंथींना झालेलं गळू, वरून सगळं सारखंच दिसू शकतं. शेपटीला बाक आलाय, रक्त थांबत नाही, मागचे पाय लटपटतायत किंवा लघवी बिघडली आहे, तर 'उद्या बघू' म्हणू नका, त्याच दिवशी न्या.

आणि आपल्या डब्यातली गोळी? एका हितचिंतकाने "अर्धी पॅरासिटामॉल दे" म्हटलं, दुसऱ्याने आयबुप्रोफेन. पहिलीने कुत्र्याचं यकृत जाऊ शकतं. दुसरीने पोटात व्रण होतात, मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. कुत्र्यांच्या वेदनाशामक गोळ्या वेगळ्या असतात, त्या वजनावर ठरतात आणि डॉक्टरच देतात.

आज पाचवा दिवस. जेवणाचं भांडं वाजलं तेव्हा शेपूट अर्धवट हललं, एका बाजूलाच. बॉल मी कपाटावर लपवून ठेवलाय. चिकू सकाळपासून कपाटासमोर बसून आहे.