आठ हँडपंपांपेक्षा दोन बरे

मंडळी, इंग्लंडमध्ये नव्याने आलेली आपली मुलं मला हमखास विचारतात, पबमध्ये गेल्यावर कुठली बिअर घ्यावी, पारंपरिक इंग्रजी रिअल एल की लागर? माझी आवड सगळ्यांना माहीत आहे. हँडपंपाने, म्हणजे तळघरातली बिअर वर ओढणाऱ्या बारवरच्या दांड्याने, ओढलेली यॉर्कशरची बिटर (कडवट चवीची एल) ही माझ्या लेखी जगातली सगळ्यात चांगली बिअर. तरीही मी त्यांना सरसकट ‘एल घ्या’ असं सांगत नाही. आधी बारवरचे हँडपंप मोजा, मग पबमधली माणसं मोजा, असं सांगतो. आठ हँडपंप आणि कोपऱ्यात चार माणसं असतील तर खुशाल लागर घ्या.

हे मी रिअल एलच्या प्रेमापोटी सांगतोय.

लागर ब्रुअरीतून निघते तेव्हा तिचं सगळं झालेलं असतं. गाळलेली, बहुतेकदा पाश्चराइज केलेली, स्टीलच्या केगमध्ये, म्हणजे बंद पिंपात, भरलेली. पबवाल्याने गॅस जोडायचा, नळ्या स्वच्छ ठेवायच्या, ग्लास भरायचा. रिअल एल मात्र कास्क नावाच्या पिंपात जिवंत यीस्टसकट येते आणि तळघरात 11 ते 13 अंशांवर पुन्हा थोडी आंबते. तिच्यातला हलकासा गॅस तिथेच तयार होतो, बाहेरून कुणी भरत नाही. पबवाला कास्कच्या वरच्या भोकात सच्छिद्र लाकडाची खुंटी ठोकतो, जास्तीचा गॅस निघून जाऊ देतो, गाळ खाली बसू देतो, चव घेऊन बघतो आणि मग ठरवतो की आता ही पंपाला जोडायची. बिअर बनवण्याचं शेवटचं काम तळघरातला हा माणूस करत असतो. तो निष्काळजी असेल तर ब्रुअरीने जीव ओतून केलेली बिअरसुद्धा वाया जाते.

आणि खरी अडचण पुढे आहे. कास्क एकदा सुरू झाला की जेवढी बिअर बाहेर येते तेवढी हवा आत शिरते. तीन दिवस, फार तर चार, त्यानंतर चव बसते आणि मग आंबट वास यायला लागतो. नेहमीचा कास्क नऊ गॅलनचा, म्हणजे 72 पाइंट (एक पाइंट अर्ध्या लिटरहून थोडा जास्त), गाळ सोडला तर सत्तरच्या आतबाहेर. आता आठ पंपांचा हिशोब करा. सगळे कास्क तीन दिवसांत संपवायचे तर दिवसाला 180च्या वर पाइंट नुसती एल विकली गेली पाहिजे. पावसाळी मंगळवारी कुठल्या गावातला पब एवढी विकतो? मग पाचव्या, सहाव्या दिवशीची बिअर कुणाच्या तरी ग्लासात जातेच, आणि बरेचदा तो माणूस पहिल्यांदाच एल पीत असतो. त्याला वाटतं, इंग्रजांची बिअर म्हणजे कोमट आणि आंबट. तो आयुष्यभरासाठी लागरकडे जातो. आपल्या लोकांत हे मी इतक्यांदा पाहिलंय की आता राग येतो.

कोमटपणाचंही बोलू. 12 अंश म्हणजे मे महिन्यातल्या माठातल्या पाण्यापेक्षा कितीतरी गार. आपण भारतात बिअर बर्फाळ प्यायला शिकलो, कारण बाहेर चाळीस अंश असतात. ते तिथे योग्यच आहे. पण तीन-चार अंशांवर जीभ बधिर होते आणि बारीक चवी कळत नाहीत. यॉर्कशरमधल्या कीथलीच्या टिमथी टेलर ब्रुअरीची ‘लँडलॉर्ड’ एल नीट ठेवलेली मिळाली तर घाई न करता प्या. अल्कोहोल फक्त 4.3 टक्के, पण आधी पावाच्या भाजलेल्या कडेसारखी चव, मग संत्र्याच्या सालीचा वास, आणि शेवटी जिभेच्या मागच्या बाजूला रेंगाळणारा कडवटपणा. हीच बिअर बर्फासारखी गार करून गॅस भरून दिली तर यातलं निम्मं हरवेल.

लागरला मी कमी लेखत नाही, हे स्पष्ट करतो. 1842 साली पिल्झेन शहरात योसेफ ग्रोल नावाच्या बव्हेरियन ब्रुअरने जी सोनेरी बिअर केली, ती आठवडेच्या आठवडे थंड तळघरात ठेवून तयार होत असे. त्या पद्धतीने केलेली चेक लागर समोर आली तर मी आनंदाने घेतो. शेफिल्ड स्टेशनवरच्या ‘शेफिल्ड टॅप’मध्ये थांबलो की कित्येकदा तीच घेतो. माझी तक्रार आहे ती परदेशी नाव लावून इथेच मोठ्या कारखान्यात बनणाऱ्या लागरबद्दल. ‘माद्री’ हे नाव वाचून स्पेन आठवतो, पण ती बनते यॉर्कशरमधल्या टॅडकास्टरला. त्यात बेकायदा काही नाही. फक्त तिच्यासाठी शेजारच्या एलपेक्षा जास्त पैसे का मोजायचे, हे मला कुणी समजावून सांगावं.

कारण बहुतेक पबमध्ये कास्क एल लागरपेक्षा स्वस्त असते. जिला सांभाळायला सगळ्यात जास्त मेहनत लागते, जिची नासाडी सगळ्यात जास्त होते, तीच सगळ्यात स्वस्त! एल पिणाऱ्या माझ्या मित्रांना हे आवडणार नाही, पण मी पाइंटमागे जास्त पैसे द्यायला तयार आहे. तळघरातल्या माणसाला चार पैसे सुटले तरच तो कास्ककडे लक्ष देईल.

1971 साली आयर्लंडमधल्या केरी परगण्यात चार इंग्रज तरुणांनी रिअल एल वाचवण्यासाठी कॅम्रा ही संघटना सुरू केली. तेव्हा ‘वॉटनीज रेड बॅरल’सारख्या गॅस भरलेल्या केग बिअरनी पब व्यापायला सुरुवात केली होती. कॅम्राने लढा दिला नसता तर हँडपंप आज संग्रहालयात बघावे लागले असते. हे ऋण मी मानतो. पण ‘जेवढे पंप जास्त तेवढा पब चांगला’ ही समजूत एल पिणाऱ्यांमध्येच रुजली आणि तिने आता नुकसान होतंय. दुसरं म्हणजे कास्क ब्रीदर. हे साधं उपकरण कास्कमध्ये हवेऐवजी वातावरणाच्याच दाबाने कार्बन डायऑक्साइड जाऊ देतं, म्हणजे बिअर जास्त दिवस टिकते. कॅम्राचा याला वर्षानुवर्षं विरोध होता. तो 2018 साली मागे घेतला. गर्दी नसलेल्या खेड्यातल्या पबने ते खुशाल वापरावं. शुद्धतेच्या आग्रहापायी व्हिनेगर पिण्यापेक्षा ते बरं.

जास्त पंप शोभतात ते शेफिल्डच्या केलहॅम आयलंड भागात. तिथला ‘फॅट कॅट’ 1981पासून रिअल एलसाठी ओळखला जातो. शेजारच्या ‘केलहॅम आयलंड टॅव्हर्न’ला 2008 आणि 2009 असा लागोपाठ दोनदा कॅम्राचा देशातल्या सर्वोत्तम पबचा मान मिळाला. तिथे माणसं एलसाठीच येतात, कास्क भराभर संपतात. अशा ठिकाणी थॉर्नब्रिज ब्रुअरीची ‘जयपूर’ ही एल दिसली तर जरूर घ्या, पण 5.9 टक्क्यांची आहे, आधी अर्धा पाइंटच मागा.

शाकाहारी मंडळींसाठी एक महत्त्वाचं. कास्कमधला गाळ लवकर खाली बसावा म्हणून बरेचदा माशाच्या वायुपिशवीपासून केलेलं आयझिंग्लास वापरतात. सगळ्याच ब्रुअरी ते वापरत नाहीत, म्हणून बारवर सरळ विचारा. हा प्रश्न तिथे नेहमीचा आहे.

आणि भीड सोडा. आपण हॉटेलात खारट आमटीसुद्धा गुपचूप संपवणारी माणसं, पण इथे आंबट पाइंट परत करणं हा उद्धटपणा नाही. दोन घोट घेऊन ‘ही बरोबर लागत नाहीये’ एवढंच म्हणा, चांगला पबवाला चव बघून लगेच दुसरा पाइंट देतो. घेण्याआधी घोटभर चाखायलाही बहुतेक ठिकाणी देतात.

लीड्स, लेस्टर, रेडिंग, स्लाव, जिथे कुठे असाल तिथे दोनच पंप पण नीट सांभाळणारा पब माहीत असेल तर खाली नाव आणि तिथली नेहमीची बिटर लिहा.