खतवाले काका

चूक माझीच. दोन वर्षांपूर्वी सोसायटीच्या एजीएममध्ये, म्हणजे वार्षिक सभेत, सगळे चहा-वेफर्सची वाट बघत बसलेले असताना मी उभा राहून बोललो, आपण ओल्या कचऱ्याचं खत का नाही करत? कोणी हूं की चूं केलं नाही, पंखा तेवढा फिरत होता. मग मला आठवलं आणि मी म्हटलं की गांडूळखत, सोलर, पावसाचं पाणी साठवणं वगैरे केलं तर पुणे महापालिका सामान्य करात 5 ते 10 टक्के सवलत देते, त्याबरोबर पन्नाशीच्या पुढची सगळी मंडळी एकदम पर्यावरणवादी झाली. ठराव पास. करणार कोण? "तुम्हीच बघा ना, तुम्हाला आवड आहे." कर्वेनगरात हे वाक्य ऐकलं की माणसाने सरळ फ्लॅट विकायला काढावा.

42 फ्लॅट, रोजचा साधारण 20 किलो ओला कचरा. पार्किंगच्या मागे विटांचे चार जाळीदार हौद बांधले, कोकोपीट म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा आणला, विरजण म्हणून आंबट ताकात गूळ कालवून शिंपडायला लागलो. बायको म्हणाली, लग्नाला सत्तावीस वर्षं झाली, घरात कधी ताक घुसळलं नाहीत. सेक्रेटरींनी ग्रुपवर सूचना टाकली की नॉनव्हेजवाल्यांनी आपला कचरा कृपया वेगळा ठेवावा, खत सात्त्विक राहिलं पाहिजे. खाली सत्तावीस हात जोडलेले.

ओला म्हणजे काय हे लोकांना माहीत असेल असं मला वाटायचं. हौदात काय काय निघालं सांगतो: चहाची गाळणी (चहापत्तीसकट), एक डायपर, मोबाईलचा चार्जर, प्लॅस्टिकच्या पिशवीला तीन गाठी मारून आलेलं निर्माल्य, आणि एकदा अख्खा प्रेशर कुकरचा गॅसकेट. विचारलं तर म्हणे, "ओला होता की."

खरं दुखणं पानांचं. भाजीपाल्यात नायट्रोजन जास्त, त्याला जोडीला कार्बन म्हणजे सुकी पानं लागतात, नाहीतर पाणी सुटतं आणि असा वास येतो की पिझ्झावाला गेटवरूनच फोन करतो. आणि पानं गळतात फेब्रुवारी-मार्चमध्ये, तेव्हाच पोती भरून ठेवली नाहीत तर पावसाळ्यात बोंबला. म्हणून मी सकाळी सहाला मफलर गुंडाळून रस्त्यावरच्या झाडांखाली पानं भरत होतो, झाडूवाल्या मावशींनी ढीग पेटवायच्या आत, तर समोरून व्याही मॉर्निंग वॉकला. खांद्यावर पोतं, हातात खराटा असा मी. ते थांबले, खालीवर बघितलं आणि हळूच म्हणाले, "सगळं ठीक चाललंय ना? काही लागलं तर सांगा." संध्याकाळी मुलीचा फोन, "बाबा, पेन्शन वेळेवर येतंय ना?"

मग जुलै आला आणि अळ्या आल्या. ब्लॅक सोल्जर फ्लाय नावाच्या माशीच्या, अंगठ्याच्या नखापेक्षा थोड्या मोठ्या, मळकट, वळवळणाऱ्या. ओला कचरा इतक्या भराभर फस्त करतात की त्यांना पगार द्यावा असं वाटतं आणि त्यांची माशी चावतही नाही. हे सगळं मी ग्रुपवर फोटोसकट लिहिलं, तीच चूक झाली, कारण फोटो लोक जेवताना बघत होते. त्यात या अळ्या पूर्ण वाढल्या की कोरडी अंधारी जागा शोधत हौदाबाहेर चालायला लागतात, त्याप्रमाणे एका रात्री शेकडो निघाल्या आणि पार्किंगमधून थेट लिफ्टपर्यंत वारी गेली. तळमजल्यावरच्या आजी पहाटे दूध घ्यायला बाहेर आल्या त्या किंचाळतच परत आत. वॉचमन मामांनी मीठ टाकलं, कोणीतरी फिनेल ओतलं. सेक्रेटरींनी तर इमर्जन्सी मीटिंग लावली, विषय एकच, खत प्रकल्प बंद करणे, आणि मला खाजगीत म्हणाले, हे असलं किळसवाणं आमच्याकडे शुद्ध शाकाहारी लोकांना चालत नाही हो.

मीटिंग श्रावणातल्या रविवारी. त्या दिवशी सकाळी मी हौद उलटापालटा करत होतो, आतून वाफ येत होती, हात घालवत नव्हता इतकं गरम, म्हणजे काम फर्स्ट क्लास चाललेलं, तेवढ्यात फावड्याला एक कुरिअरचं पाकीट लागलं. नीट घडी घालून, वर टेप. उघडलं तर कोंबडीची हाडं, चांगली दीड कोंबडी असेल, लिंबाच्या फोडीसकट. पाकिटावर चिकटवलेला कागद अजून शाबूत होता. बी विंग, फ्लॅट नंबर, आणि नाव.

संध्याकाळी मी ते पाकीट (रिकामं, धुतलेलं) फाईलमध्ये घालून गेलो आणि पहिल्या रांगेत मांडीवर ठेवून बसलो, कागद वरच्या बाजूला. बोललो काहीच नाही. सेक्रेटरी बोलायला उभे राहिले, घसा खाकरला, नजर खाली गेली, परत घसा खाकरला.

"तर मंडळी," ते म्हणाले, "प्रकल्पाला आपण अजून एक वर्ष देऊ या."

पाकीट अजून माझ्या कपाटात आहे. यंदा पाचवा हौद मंजूर झालाय.