दहापैकी नऊ वाचतात म्हणे!

परवा रात्री साडेअकराला गंगाखेडहून आत्याचा फोन. "माय, दहातले नऊ वाचतेत म्हणं. मग आमचंच माणूस कसं गेलं?"

आमचे मामा, म्हणजे आत्याचे यजमान, दिवाळीच्या आधी परभणीच्या एका दवाखान्यात गेले. निमोनिया, थकलेल्या किडन्या, पंधरा वर्षांची शुगर. हृदय बंद पडलं, सीपीआर दिला, म्हणजे छाती जोरजोरात दाबून हृदय पुन्हा सुरू करायचा प्रयत्न केला, पण नाही आले परत. आत्या सावरत होती. तेवढ्यात घरच्या ग्रुपवर ‘डॉक्टरांचं काळं सत्य’ येऊन पडलं. मी लातूरला आयसीयूत अकरा वर्षं स्टाफ नर्स आहे. हाच मेसेज याआधी चार ग्रुपांवर पाहून गप्प बसले होते.

पहिला मुद्दा: दवाखान्यात हृदय बंद पडलं तर सीपीआरनं 90 टक्के वाचतात, पेशंट गेला तर खून समजा. हा आकडा आणला कुठून? 2012 साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये अमेरिकेतल्या 374 दवाखान्यांचा अभ्यास छापून आला. 84,625 पेशंट, सगळे भरती असताना हृदय बंद पडलेले. जिवंत घरी गेले शंभरातले 17. वर्षागणिक सुधारणा झाली, 2000 साली 13.7 टक्के होते ते 2009 मध्ये 22.3 झाले. म्हणजे सगळी यंत्रं हाताशी असतानाही पाचातले जवळपास चार जातात. हृदय पुन्हा सुरू होणं वेगळं आणि पेशंट घरी जाणं वेगळं. भरती पेशंटचं हृदय बहुतेकदा सगळ्यात शेवटी थांबतं, बाकीचं शरीर आधीच हरलेलं असतं. विहीर आटली की मोटर कितीदा चालू करणार?

दुसरा मुद्दा वाचून मात्र तळपायाची आग मस्तकात गेली. ‘बरगड्या मोडल्या असतील तर पेशंटला मारहाण झाली समजा.’ अरे, मोठ्या माणसाची छाती किमान 5 सेंटीमीटर खाली जावी लागते, मिनिटाला 100 ते 120 वेळा. मी स्टुलावर चढते, कोपर ताठ ठेवते, मोठ्यानं मोजते. दोन मिनिटांत हात भरून येतात, मग दुसरी सिस्टर चढते. म्हाताऱ्या माणसाची बरगडी मोडली की तळव्याखाली कडकन कळतं. पहिल्यांदा तसं झालं तेव्हा मी घाबरून हात उचलला होता. डॉक्टर ओरडले, "थांबू नको!" हलक्या हातानं दाबलं तर बरगडी शाबूत राहील, पण मेंदूला रक्त पोचणार नाही.

मग म्हणे, मॉनिटरवर सरळ रेघ आली तरी शॉक देत नाहीत. सरळ रेघेला शॉक द्यायचाच नसतो, तो हृदय नुसतं फडफडत असताना द्यायचा. त्याच अभ्यासात शॉक लागू पडेल असे पेशंट फक्त 20.7 टक्के होते. बाकीचं सिनेमात पाहिलेलं.

जोरजोरात खोकलं की हृदय चालू राहतं म्हणे. बेशुद्ध माणूस खोकणार कसा?

‘रात्री दवाखान्यात कुणी नसतं’ हा एक मुद्दा मात्र नाइलाजानं अर्धा मान्य करते. मी वॉर्डात होते तेव्हा रात्री चाळीस पेशंटना आम्ही दोघी असायचो. कुणाचं हृदय थांबलंय हे कळायलाच वेळ जायचा. अमेरिकेतसुद्धा रात्री वाचणारे दिवसापेक्षा कमीच आढळलेत. माणसं वाढवा असा मेसेज लिहा, मी स्वतः फॉरवर्ड करते.

पण त्यांची शेवटची ओळ काय, तर ‘अशा डॉक्टरला जागेवरच धडा शिकवा.’ आत्याचा धाकटा दोन दिवस त्याच तिरीमिरीत होता. दवाखान्यातल्या मारहाणीला महाराष्ट्रात 2010 च्या कायद्यानं तीन वर्षांपर्यंत कैद आहे, हे मेसेजवाल्यानं त्याला सांगितलं नव्हतं.

आत्याला मी आकडे सांगितले नाहीत. मामांच्या फाइलचे फोटो मागवले आणि तिला वाचून दाखवलं: सीपीआर रात्री 2.10 ला सुरू, 2.50 ला थांबवला.

"चाळीस मिन्टं?" ती म्हणाली. मग बराच वेळ काही बोलली नाही. "त्याईला दुखलं असंल का ग?"

"नाही आत्या, शुद्धच नव्हती त्यांना."